यादीत कपडे नव्हते

पोलंडमधल्या क्राकूव शहरात मी गोदामाचं नियोजन करते. कुठला माल कुठल्या रॅकवर, कुठली गाडी किती वाजता दारात, हे माझं रोजचं काम. २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर हल्ला झाला. त्यानंतर शहरातल्या काही जणांनी एका बंद कारखान्याची शेड मदतसाहित्यासाठी मागून घेतली आणि सामान लावायला जाणतं माणूस हवं म्हणून मला बोलावलं. ऑफिस सुटलं की मी तिकडे, सुट्टीच्या दिवशी तर सकाळपासून तिकडेच.

मदतकार्यात सामान मिळवणं सगळ्यात अवघड असेल, असं बाहेरून वाटतं. त्या मार्चमध्ये पोलंडमध्ये ते मिळवावं लागतच नव्हतं. लोक गाड्या भरभरून आणून देत होते, अनोळखी कुटुंबांना स्वतःच्या घरात ठेवून घेत होते. इतक्या सढळ हाताचं शहर मी आधी पाहिलं नव्हतं. अवघड होतं ते आलेल्या सामानाचं काय करायचं हे ठरवणं. बाळाचे डायपर, अर्धी वापरलेली शाम्पूची बाटली, आजोबांचा कोट आणि पास्त्याची पाकिटं एकाच पिशवीत आली, तर ती पिशवी सीमेपलीकडे कुणाच्याच कामाची नसते. ती उघडून निवडत बसायला तिकडे ना जागा, ना माणसं.

म्हणून एका खोक्यात एकच वस्तू, हा नियम मी पहिल्याच दिवशी लावला. खोके केळ्यांचे. जाड पुठ्ठा, दोन्ही बाजूंना हात घालायला भोकं, आणि एकावर एक रचले तरी दबत नाहीत. भाजीवाल्यांनी ते फुकट दिले. चिठ्ठी खोक्याच्या डोक्यावर लावायची नाही, कारण रचल्यावर ती झाकली जाते. दोन शेजारच्या बाजूंवर लावायची, म्हणजे पॅलेट, खोके रचायची लाकडी चौकट, कसंही ठेवलं तरी एक तरी दिसते. मजकूर आधी युक्रेनीत, मग पोलिशमध्ये: मुली, ६ ते ८ वर्षं, हिवाळी. जड खाली, हलकं वर, पातळ पदार्थ वेगळ्या पॅलेटवर. प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळायला सुरुवात करायची ती लाकडी पॅलेटलाच वेढे देऊन, नाहीतर पहिल्या वळणावर सगळा ढीग सरकतो. एका निवृत्त ट्रामचालकाने हे एका संध्याकाळीत शिकून घेतलं आणि पुढे दहा जणांना शिकवलं. मोठमोठ्या हुद्द्यांवरची काही मंडळी मात्र 'चिठ्ठ्यांमध्ये वेळ जातोय' म्हणून शेवटपर्यंत वाद घालत राहिली.

देणाऱ्यांबद्दलही बोललंच पाहिजे. पार्टीचे झगे आले. एकाच पायाचा बर्फावरचा बूट आला. मळकी अंतर्वस्त्रं आली. कपाट रिकामं करायला मिळालं म्हणून खूश झालेल्या लोकांचं ते ओझं आम्हाला रात्र-रात्र निवडावं लागलं.

मी कोल्हापूरची. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते, बहुतेक बायका आणि मुलं. स्टालिनने सैबेरियाकडे हाकललेली, इराणमार्गे आलेली माणसं. शेडमधल्या एका वयस्क पोलिश बाईंची मावशी त्या छावणीत वाढली होती. 'कोल्हापूर' हे नाव त्या अगदी स्वच्छ उच्चारत. पोलिश माणसं गेल्यावर त्याच जागी फाळणीतून आलेली सिंधी कुटुंबं वसली आणि आज तिथे गांधीनगरची कपड्यांची घाऊक बाजारपेठ आहे. माझ्या भावाने तिथल्या एका व्यापाऱ्याला माझं काम सांगितलं, तर त्यांचा थेट फोन आला. "ताई, लहान मुलांचे गरम कपडे पाठवू का? गाठी बांधून तयार ठेवतो." विमानाच्या भाड्यात इथे दुप्पट कपडे येतील आणि इथे कपड्यांचा डोंगर आहे, असं मी सांगितल्यावर ते थोडं थांबले. "मग जे लागेल ते तिथंच घ्या. पैसे महिनाअखेर पाठवतो. मला फक्त बिल द्या."

२६ मार्चला, शनिवारी दुपारी, तेर्नोपिल प्रांतातल्या एका गावाहून व्हॅन आली. गाडी सासऱ्यांनी चालवलेली, कारण १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी होती आणि ते साठीपुढचे होते. शेजारी बसलेल्या त्यांच्या सूनबाई गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांच्या शाळेत खारकीव्ह, चेर्निहीव्ह आणि मारियुपोलहून आलेली १४० माणसं राहत होती. देश सोडून गेलेल्यांचे आकडे रोज बातम्यांत यायचे. मार्चअखेर ते ४० लाखांवर गेले. पण घर सोडून देशातच दुसरीकडे गेलेले त्याहून कितीतरी जास्त होते, सुमारे ६५ लाख, आणि त्यांच्यातले कितीतरी अशा शाळांमध्ये होते.

बाईंना पोलिश येत होतं. मी नीट लावलेल्या रॅकमधून त्यांना फिरवलं. त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या, मान हलवली आणि म्हणाल्या, "काम फार छान आहे तुमचं. पण हे सगळं आमच्या व्यायामशाळेत छतापर्यंत भरलंय." मग चौकटीच्या वहीचं पान पुढे केलं. त्यावर होतं: ५० लिटरची झाकणवाली पातेली ४, सपाट बुडाची. कपडे वाळत घालायची दोरी आणि चिमटे. एक्स्टेन्शन बोर्ड १०. नव्या सुती चड्ड्या, बायकांच्या, मापं सोबत. सॅनिटरी पॅड. मोठ्या माणसांचे डायपर. बादल्या. धुलाईयंत्र २.

पॅड आणि डायपर रॅकवर होते, बाकी काही नव्हतं. पोलंडमध्ये रविवारी दुकानं जवळजवळ बंदच असतात, म्हणजे जे घ्यायचं ते त्याच संध्याकाळी. त्यात रात्री घड्याळं एक तास पुढे जाणार होती. तिकडची रात्रीची संचारबंदी उठेपर्यंत त्यांना कोर्चोवाच्या सीमानाक्यावर पोहोचायचं होतं. आम्ही निघणार तोच सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागले. लव्हिववर क्षेपणास्त्रं पडली होती. त्या दिवशी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडन पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात होते. बाईंचा परतीचा रस्ता लव्हिववरूनच जात होता. सासऱ्यांनी कुणाशी तरी बोलून दुसरा रस्ता कागदावर काढला आणि बाई म्हणाल्या, "चला, पातेली बघू."

हॉटेलचं सामान विकणाऱ्या दुकानात त्यांनी प्रत्येक पातेलं उलटं करून बुडावर पट्टी आडवी धरली. शाळेच्या शेगडीवर लोखंडी चौकोनी तबकड्या आहेत, बूड जरा जरी फुगीर असलं तर पाणी तासभर उकळत नाही. दोन पातेली त्यांनी परत ठेवली. कान रिव्हेटचे नाहीत म्हणाल्या, भरलेलं उचलताना निसटतील. माझ्या धंद्यात इतक्या बारकाईने माल तपासणारी माणसं मी मोजकीच पाहिली आहेत.

आमच्या हातात होते ते पैसे पातेली, बोर्ड, चड्ड्या आणि एक धुलाईयंत्र एवढ्यात संपले. यंत्र साधारण १५०० झ्लॉटींचं, तेव्हाच्या हिशेबाने सव्वीस-सत्तावीस हजार रुपये. दुसऱ्यासाठी मी युरोपातल्याच एका मराठी मंडळाच्या ओळखीच्या पदाधिकाऱ्याला फोन लावला. त्यांनी पैसे जमवून ठेवले होते. ते लगेच म्हणाले, "अगं, आत्ता पाठवतो. फक्त असं कर, त्या शाळेतल्या मुलांच्या हातात आपल्या मंडळाचा फलक देऊन एक फोटो मिळव. दोन तारखेला पाडव्याचा कार्यक्रम आहे, पडद्यावर दाखवता येईल."

मी दुकानातच बाईंना विचारलं. त्या रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "फोटोत खिडक्या दिसतील, भिंत दिसेल, शाळा कोणती ते कळेल. मारियुपोलच्या नाट्यगृहाबाहेर जमिनीवर मोठ्या अक्षरांत 'मुलं' लिहिलं होतं. तरी बॉम्ब टाकलाच ना?" त्या गोष्टीला तेव्हा दहा दिवस झाले होते. "आणि काही मुलांचे बाप लढायला गेलेत. मुलांचा फोटो कुठे जाईल ते मी त्यांना काय सांगू?"

मी फोनवर हे जसंच्या तसं सांगितलं. मागची भिंत धूसर करू, असं उत्तर आलं. सभासदांना हिशेब द्यावा लागतो, हे त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. पैसे लोकांचे आहेत. पण हिशेबाला दुकानाचं बिल असतं, यंत्राचा क्रमांक असतो, बाईंच्या सहीची पोच असते. ते सगळं देते म्हटलं. त्यांना पडद्यावर दाखवायला मुलं हवी होती. मी नाही म्हणाले आणि फोन ठेवला.

व्हॅन रात्री निघाली ती एकच यंत्र घेऊन. दुसरं गेलं एप्रिलमध्ये, गांधीनगरच्या पैशांतून. बिल मी त्याच दिवशी पाठवलं. "मिळालं ताई," एवढंच उत्तर आलं. मधल्या दिवसांत बाईंनी कळवलं होतं की यंत्र दिवसरात्र चालतं, नंबर लावलेत, आधी तान्ही मुलं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं. बाकीच्यांचं धुणं बादलीत, थंड पाण्यात, कारण गरम पाणी स्वयंपाकाला पुरत नव्हतं.

ते धुणं माझ्या डोक्यातून जात नाही. फोटोला नाही म्हणणं मला आजही बरोबर वाटतं, आणि त्याची किंमत मी किंवा मंडळाने मोजली नाही, त्या बायकांनी मोजली, हेही खरं आहे. मुख्याध्यापिकाबाईंना मी पुढे एकदा विचारलं, तुम्हाला काय वाटतं? त्यांनी उत्तर दिलं नाही, नवी यादी पाठवली. तिच्यात सगळ्यात वर पाणी तापवायचा ५० लिटरचा बंब होता.