माळवदाखालची खोली मुलीसाठी करताना

परभणी जिल्ह्यातलं आखाड्यावरचं (शेतातल्या वस्तीवरचं) जुनं घर. दगड-मातीच्या दोन फुटी भिंती, सागाच्या तुळया, त्यावर किलच (लाकडाच्या आडव्या पट्ट्या) आणि वर पांढऱ्या मातीचं माळवद, म्हणजे सपाट छत. यातली दहा बाय बाराची धान्याची खोली मुलीला झोपायला आणि अभ्यासाला करायची होती. गवंडी आला की आधी फरशी आणि रंगाचं विचारतो. मी सांगेन, आधी डोक्यावरचं ओझं मोजा.

माळवद गळालं की मृगाच्या आधी वर नवी माती टाकतात, जुनी कुणी काढत नाही. आम्ही कोपऱ्यात खड्डा घेऊन टेप लावला तर थर दीड फूट निघाला. म्हणजे या एका खोलीवर १८० घनफूट माती. घनफुटाला ४५ किलो धरले तरी आठ टन, आणि ती भिजली की आणखी जड. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा माणसं झोपेत होती, आणि अशीच जड माळवदं आणि दगड-मातीच्या भिंती त्यांच्या अंगावर आल्या. मूल जिथे रोज रात्री झोपणार तिथे हा विषय मागे ठेवता येत नाही.

फाल्गुनात काम धरलं. प्रत्येक तुळईला मधोमध टेकू दिला. टेकूखाली आडवी फळी लागतेच, नाहीतर वजन आलं की तो भुईत रुततो. मग पूर्ण छतावरून तीन-तीन इंचांचे थर काढत गेलो. एकाच बाजूने खोल खणलं तर वजन एका अंगाला राहतं आणि किलच मोडू शकतो. काढलेली माती शेजारच्या माळवदावर ढिगाने टाकू नका, लगेच खाली उतरवा. आठ इंच माती ठेवली, बाकी बरोबर एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट निघाली. सगळी काढून पत्रे घातले असते तर मे महिन्यात त्या खोलीत मूल बसलं नसतं. आणि या भिंतींवर सिमेंटचा स्लॅब टाकायचा विचारसुद्धा करू नये. वरून भुसा कालवून आठ दिवस भिजवलेल्या खाऱ्या पांढऱ्या मातीचा हात दिला, चोपून घेतला. पन्हळाकडे दहा फुटांना तीन इंच उतार ठेवला, आणि पन्हळ भिंतीच्या दीड फूट बाहेर काढलं.

तुळई मधे सहसा चांगलीच असते, सडतं ते भिंतीत गेलेलं टोक. तिथे ओल धरते आणि वाळवी आतून खाते, वरची साल मात्र शाबूत दिसते. हातोडीने ठोकत टोकाकडे जायचं. खणखणीत आवाज भद्द झाला की तिथे दाभण टोचायचं. आमच्या एका तुळईत दाभण तीन बोटं आत गेलं आणि बाहेर ओढताना ओला भुगा घेऊन आलं. ती तुळई बदलली नाही. भिंतीला लागून तळखड्यावर (खांबाखालच्या दगडावर) सागाचा खांब उभा केला, आणि सगळ्या खांब-तुळयांच्या कोनात तिरपी लाकडं बोल्टने आवळली. नुसते खिळे हादऱ्याला निसटतात.

या भिंती खरं तर दोन असतात, आतला दगड वेगळा आणि बाहेरचा वेगळा, मधे चिखल नि कपच्या. दोन्हींना सांधणारे लांब दगड नसले की भिंत पोट काढते. उत्तरेची भिंत तशी होती. दगड हलक्या हाताने सैल करून आरपार तीन इंचांची भोकं पाडली, प्रत्येकात दोन्ही टोकांना वाकवलेली आठ एमएमची सळई ठेवून काँक्रीट भरलं. आडवं-उभं अंतर साधारण तीन फूट. भोक छिन्नीने धाडधाड फोडू नका, आजूबाजूचं बांधकाम सुटतं.

गिलाव्याची घाई केली नाही. एक पावसाळा जाऊ दिला, म्हणजे ओल कुठून येते ते भिंतच दाखवते. खालच्या तीन फुटांत पूर्वी कुणीतरी सिमेंट लावलं होतं, आणि लोणा (ओलीबरोबर येणारा खार) नेमका त्या सिमेंटच्या वरच्या भागात फुटत होता. सिमेंट ओल अडवतं, मग ती वर चढते आणि पापुद्रे सोडते. दिवाळीनंतर ते सगळं खरवडलं, दगडांच्या दर्जा, म्हणजे मधल्या फटी, चुन्याने भरल्या (विंचवाला जागा उरत नाही), वर एकास तीन चुना-वाळूचा गिलावा. आठवडाभर ओली गोणपाटं लटकवली. चुना भरभर वाळला की भेगा पडतात आणि बोटाने भुकटी निघते.

भुईला मुरूम दाबून शहाबादी बसवली. खोदाई भिंतीपासून एक फूट लांब ठेवली, कारण जुना पाया उथळ असतो. खाली प्लॅस्टिक नाही, त्याने भुईतली ओल भिंतीत शिरते.

वायरिंग पट्टीतून भिंतीवरूनच नेली, मातीच्या भिंतीत झिरी (खाच) मारत नाहीत. नवं आर्थिंग, तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), प्लगना आतून झाकण असलेले सॉकेट.

दाराच्या जुन्या ऑइलपेंटला कोरडा पॉलिश पेपर कधीच लावू नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवायचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात ते कितीही असू शकतं आणि धूळ मुलाच्या पोटात जाते. दार बाहेर नेऊन, पाणी मारत ओलं घासलं, खरवड गोळा करून पिशवीत बांधली.

देवळ्या (भिंतीतले कोनाडे) बुजवल्या नाहीत, खालच्या दोन मुलीच्या हाताला येतात, त्यात पुस्तकं राहतात. अशा भिंतीत कपाट नुसत्या स्क्रूने धरत नाही, म्हणून सहा इंची सागाचे गुट्टे चुन्यात बसवून, पंधरा दिवस वाळू देऊन त्यांना आवळलं. बाज उत्तरेच्या भिंतीपासून हातभर लांब, दाराच्या बाजूला, आणि तिच्या वर फळी किंवा फोटो काही नाही. तुळईतलं पाळण्याचं लोखंडी कडं तसंच आहे. झोका बांधायच्या आधी त्यातून दोर घेऊन दोन मोठी माणसं लोंबकळून बघायची.