एक कुकर, सहा ताटं

आमच्या घरात सहा माणसं जेवतात आणि सहाही जणांच्या तऱ्हा वेगळ्या. अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, मधुमेह. सासूबाईंना तिखट सोसत नाही, आणि खोबरं नसेल तर त्यांच्या लेखी ती भाजीच नाही. नवरा भाताचा, मी भाकरीची. मुलगा नववीत, दिवसभर भुकेला. धाकटी चार वर्षांची, हिरवं काही दिसलं की तोंड घट्ट मिटते. सगळे शाकाहारी, एवढंच काय ते साम्य. माझ्या माहेरी, बार्शीला, वडिलांच्या गळ्यात माळ. सासर मूळचं रत्नागिरीकडचं, तिथेही पिढ्यानपिढ्या हेच. पण दोन्ही स्वयंपाकघरांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. आमच्याकडे ज्यात त्यात दाण्याचा कूट, यांच्याकडे ज्यात त्यात ओला नारळ.

डोंबिवलीतलं हे घर सासूबाईंच्या हातावर चालायचं. मी चिराचिरी करून द्यायची, डबा उचलायची आणि दादरला जाणारी लोकल पकडायची. यंदा पाडवा झाला आणि थोड्याच दिवसांत त्या बाथरूममध्ये घसरल्या. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर आलं आणि स्वयंपाकघर माझ्याकडे आलं.

बाई लावा, असं सगळ्यांनी सांगितलं. विचारून पाहिलं. पण आमचे डबे सकाळी सातला भरतात, आणि त्या वेळेला येणाऱ्या सगळ्या बायकांची घरं आधीच ठरलेली. शेवटी पोळ्या तेवढ्या पोळी-भाजी केंद्रातून आणायचं ठरवलं. डोंबिवलीत ही केंद्रं पावलोपावली आहेत. सासूबाईंना हे मुळीच पटलं नव्हतं. "विकतची पोळी दुपारपर्यंत चामट होते गं," त्या म्हणाल्या. होते, खरं आहे. पण पोळी विकत आणली तर माझा पाऊण तास वाचतो, आणि भाजी विकत आणली तर तिच्याबरोबर भरमसाट तेल घरात येतं. म्हणून पोळ्या बाहेरच्या. आमटी, भाजी, उसळ घरची. त्यावर मी आजही ठाम आहे.

खरी अडचण पदार्थांच्या संख्येची होती. सासूबाई प्रत्येकासाठी वेगळं करायच्या. अण्णांची बिनगुळाची आमटी निराळी, नातीचं वरण निराळं, नातवासाठी झणझणीत काहीतरी. त्यांना ते जमायचं, कारण सकाळ अख्खी त्यांची होती. माझ्याकडे दोन शेगड्या आणि सव्वा तास.

उपाय त्यांच्याच बोलण्यातून सापडला. हात गळ्यात अडकवून त्या स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसत आणि तिथून सूचना देत. एकदा मी गूळ घालायला निघाले तर म्हणाल्या, "आधी अण्णांचं काढ. घातलेला गूळ परत काढता येत नाही." एवढ्या एका वाक्यावर मी पुढचा सगळा स्वयंपाक बसवला. एकच पदार्थ करायचा आणि त्याला फाटे जितके उशिरा फोडता येतील तितके उशिरा फोडायचे. जे सगळ्यांना चालतं ते आधी पडेल, जे एखाद्याला चालत नाही ते शेवटी, आणि जे एकट्यालाच हवं ते ताटात.

आमटीचंच सांगते. दीड वाटी तूरडाळ अर्धा तास भिजवून हळद-हिंग घालून कुकरला लावायची, वरच्या डब्यात भात. डाळ घोटली की पहिला फाटा: धाकटीची वाटी बाजूला. तिला वरण, मीठ, तूप, लिंबू. उरलेल्या डाळीला मोहरी-जिरं-कढीपत्त्याची फोडणी, गोडा मसाला, आमसूल. आमसूल शिजलेल्या डाळीतच घालायचं. आंबट आधी पडलं की दाणा ताठ राहतो, मग कितीही शिट्ट्या काढा. एक उकळी आली की दुसरा फाटा: अण्णांची आमटी वेगळ्या भांड्यात. मग राहिलेल्यात गुळाचा खडा. सासूबाईंना वाढताना वरून खोबरं. मुलगा आणि मी ताटात लसूण घातलेली शेंगदाण्याची चटणी घेतो, सोलापूरकडची, उखळात कुटून तेल सुटलेली. ती माझी आई बार्शीहून पाठवते. कुकर एक, पातेली दोन, आणि सहा जणांना पाच चवी.

उसळीलाही हाच नियम लागू पडला. मटकी शिजवून हळद-मीठ घातलं की धाकटीचं काढायचं. मुलाला मिसळ हवी असेल तर त्याचा कट छोट्या कढईत वेगळा करायचा, उसळीत तिखट ओतायचं नाही. फसल्या त्या फक्त भरल्या भाज्या. भरली वांगी किंवा भरली कारली अशी अर्ध्यावर वळवता येत नाहीत, कारण मसाला पोटातच असतो. त्या मी रविवारवर ढकलल्या.

आता भिजवण्याचं. कडधान्याचा स्वयंपाक सकाळी सुरू होतच नाही, तो आदल्या रात्री होतो, कधी त्याच्याही आदल्या सकाळी. भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये एरवी दुधाचा हिशेब आणि गॅस कधी लावला ते लिहिलेलं असतं. त्याच चौकटींत मी पेन्सिलीने "मटकी", "चवळी", "छोले" लिहायला लागले. पदार्थ ज्या दिवशी करायचा त्या दिवसाखाली लिहायचं नाही, भिजवायच्या दिवसाखाली लिहायचं. हा एवढा फरक, पण रात्री दहाला "उद्या काय?" हा प्रश्न त्याने मिटला. छोले, राजमा रात्रभर भिजायलाच हवेत. चवळीला चार-पाच तास पुरतात. मसूर न भिजवताही शिजतो, म्हणून मसुराचा डबा कायम भरलेला ठेवते. ज्या रात्री कुणाच्याच लक्षात राहिलं नाही त्या रात्रीसाठी. आणि त्याहूनही घाई असेल तर कुळथाची पिठी. लसणाची फोडणी, पाणी, आमसूल, वर पीठ भुरभुरवून ढवळायचं, दहा मिनिटांत तयार. ही मी सासरी येऊन शिकले. बार्शीत आम्ही अशा वेळी बेसनाचं पिठलं टाकायचो. सांगायला हरकत नाही, मला आता पिठीच जास्त आवडते.

मोडांच्या बाबतीत पुस्तकी वेळा डोंबिवलीत चालत नाहीत. एप्रिलच्या घामट हवेत मटकी फडक्यात बांधून सकाळी ठेवली तर संध्याकाळपर्यंत मोड डोकावतात, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत तशीच राहिली तर बुळबुळीत होऊन वास मारते. उन्हाळ्यात मोड दिसले की लगेच फ्रिजमध्ये.

भाकरीकडे वळले ती अण्णांमुळे. त्यांच्या साखरेचे आकडे वाढलेले, आणि कुणीतरी त्यांना सांगून ठेवलेलं की ज्वारीने साखर होत नाही. ते चार-चार भाकऱ्यांची स्वप्नं पाहायला लागले. आहारतज्ज्ञ बाईंनी नीट समजावलं: १०० ग्रॅम ज्वारीत ७० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकंच असतात, गव्हापेक्षा फार कमी नाहीत. फायदा आहे तो तंतूंचा आणि पोट भरल्यासारखं वाटण्याचा. म्हणून दोन, आणि त्याही जाड नकोत. अण्णांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

भाकरी मला लहानपणापासून येते, पण मुंबईकडच्या पिठाची येत नव्हती. ज्वारीत गव्हासारखा चिकटा नसतो, सगळी मदार पिठाच्या ताजेपणावर आणि पाण्यावर. दुकानातल्या पिशवीतलं पीठ किती जुनं असेल काय सांगावं. विरी गेलेलं पीठ थापताना कडेने फाटतंच. मग ज्वारीच आणायला लागले, मालदांडी, मंगळवेढ्याकडची मिळाली तर उत्तम. आठवड्यापुरतीच गिरणीतून दळून आणायची. पाणी कडकडीत. परातीत एका वेळी एकाच भाकरीचं पीठ घ्यायचं, गरम पाण्याने कालवायचं आणि हात सोसेल तसं तळव्याने रगडायचं. गोळा इतका रगडायचा की बोटाने दाबल्यावर कडेला चीर पडता कामा नये. मग खाली पीठ भुरभुरून थापायची. थापताना जोर मधे लावायचा नाही. बोटं कडेकडेने चालतात आणि भाकरी आपोआप फिरते. ती फिरायची थांबली की समजायचं, खालचं पीठ संपलं. पिठाची बाजू वर करून तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची. सुकल्यावर उलटली तर तडे जातात आणि मग ती फुगत नाही. ती बाजू भाजून झाली की तवा काढून भाकरी थेट जाळावर. टम्म फुगली की मुलगा ती तशीच पळवायचा.

सकाळच्या गर्दीत भाकरी जमत नाही, ती रात्रीचीच. सकाळी केंद्राच्या पोळ्या, रात्री भाकरी, अशी वाटणी झाली.

पोटभर आणि पुरेसं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्या बाईंनीच कागदावर मांडून दाखवलं. आमची दीड वाटी डाळ म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम. १०० ग्रॅम कच्च्या तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम प्रथिनं. सहा जणांत वाटली की माणशी आठ ग्रॅम. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, हिशेबाने मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला दिवसाला पन्नासच्या घरात. पोळी-भाकरीतून काही मिळतात, तरी नुसत्या सकाळच्या आमटीवर भागत नाही. तेव्हापासून रात्री भाकरीबरोबर उसळ किंवा पिठलं असतंच, आणि दोन्ही वेळेला दही किंवा ताक. सासूबाईंचं हाड जुळायचं होतं, म्हणून त्यांना सकाळी नाचणीची आंबील सुरू केली. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. अण्णा बरीच वर्षं मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध घेतात, आणि त्याने बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. शाकाहारी माणसाला ते दूध-दह्याशिवाय फारसं कुठून मिळत नाही. तपासणीत कमी आलंच, डॉक्टरांनी गोळी दिली. तिथे माझ्या स्वयंपाकाचा इलाज चालत नाही.

चहावरून मात्र घरात वादळ झालं. जेवणावर लगेच चहा घेतला की अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही, म्हणून अण्णांचा दुपारचा जेवणानंतरचा चहा तासाभराने पुढे ढकलायचा असं ठरलं. ठरलं म्हणजे आम्ही ठरवलं. ते आजही घड्याळ पाच-दहा मिनिटं मागे असल्याचं भासवतात. उलट आंबटाने लोह चांगलं लागतं, त्यामुळे उन्हाळाभर प्रत्येक ताटात कैरी होती. किसून, फोडी करून, कधी हरभऱ्याच्या वाटल्या डाळीत. त्यावर कुणाचीच तक्रार नव्हती.

सासूबाईंना बसून राहणं जड जात होतं. एका शनिवारी मी मुद्दाम वाल भिजवले. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकले, परात त्यांच्यासमोर ठेवली. वालाचं साल काढायला एकच हात पुरतो. अंगठा आणि तर्जनीत दाणा धरून किंचित दाबायचा, डाळिंबी निसटून बाहेर येते. डाव्या हाताने त्यांनी सुरुवात केली, पहिले काही दाणे उडून फ्रिजखाली गेले. धाकटी शेजारी येऊन बसली. तिला तो खेळच वाटला. दोघींनी मिळून अख्खी परात सोलली. मुलाला सुट्टी लागली होती, त्याला सासूबाईंनी नारळ खवायला बसवलं आणि खुर्चीवरून त्याला फैलावर घेतलं, कारण तो करवंटीपर्यंत खवत होता आणि काळं खोबऱ्यात उतरत होतं. उसळीला कढीपत्ता, गूळ, आमसूल, वर भरपूर खोबरं. फाटे होतेच: अण्णांचं गुळाआधी काढलं. धाकटीने स्वतः सोललेल्या डाळिंब्या मोजून खाल्ल्या. हिरव्या असूनही.

निवडणं-टिपणं मी परतीच्या लोकलवर टाकलं. गवार आणि घेवडा दादर ते डोंबिवलीत मोडून होतो, बसायला मिळालं तर. लेडीज डब्यात हे करणारी मी एकटी नाही. शेजारची मावशी तर माझी पिशवी ओढून घेते आणि शिरा काढायला लागते. मेथी मात्र ट्रेनमध्ये निवडू नये. देठं साडीभर होतात.

प्लास्टर निघालं, मनगटाचा व्यायाम सुरू झाला. सासूबाईंनी फोडणी परत हातात घेतली, भाकरी माझ्याकडेच राहिली, नारळ मुलाकडे गेला. पोळ्या अजून केंद्राच्याच येतात, आणि त्यांचं त्यावरचं मत बदललेलं नाही.

आता आषाढी एकादशी झाली आणि सासूबाईंचा चातुर्मास लागला. कांदा, लसूण, वांगं बंद, फक्त त्यांना. म्हणजे आणखी एक फाटा. सगळ्यांची फोडणी हिंगाची करतो आणि लसूण शेवटी कढल्यात तेलावर लाल करून, त्यांचं काढून झाल्यावर, उरलेल्यावर ओततो. पिठीला लसणाशिवाय मजा नाही, म्हणून त्या रात्री त्यांच्यासाठी मुगाची खिचडी टाकते. वांग्याचं भरीत मुलगा मागतोय. त्याला सांगितलंय, मिळेल, पण वांगं तूच भाजायचंस आणि आजीची शेगडी लगेच पुसायचीस.