१९५० चं पात्र, आजचं कपाट

जुन्या काळातल्या विद्यार्थी फिल्मसाठी कपडे जमवताना, काळ ठरला की आधी पात्राचं वय आणि ऐपत ठरवा. १९५५ सालातला साठीचा कारकून १९५५ ची फॅशन करणार नाही. त्याचा कोट पंधरा वर्षं जुना असेल. सगळ्यांनाच त्या वर्षाचे कोरे कपडे चढवले की फॅन्सी ड्रेस स्पर्धा वाटते.

जुना कपडा घेताना शिवण उलटून बघा. नायलॉनची झिप, वेल्क्रो, धुण्याच्या सूचनांचं लेबल दिसलं तर क्लोजअपमध्ये घात होतो. लेबल उसवता येतं, झिपच्या जागी हुक किंवा बटणं लावता येतात. कापडाचा पडता घोळ मात्र बदलता येत नाही. म्हणून आधी कापड, मग बाकी सगळं. कापड ओळखायला शिवणीच्या आत दडलेल्या कापडाचा एक धागा काढून जाळा: सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो.

पांढराशुभ्र सदरा प्रकाशात फटफटतो. चहाच्या कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवा, सतत हलवत राहा, नाहीतर डाग धरतात. पॉलिएस्टरवर हा रंग बसतच नाही. कोपर, कॉलरची घडी, खिशाची कड बारीक सँडपेपरने घासा. पाठीवर नको, तिथे कपडा तसा झिजत नाही. बारीक रेघांचं कापड टाळा, कॅमेऱ्यात ते थरथरतं. पाऊस किंवा रक्ताचा सीन असेल तर त्याच कपड्याचे किमान दोन जोड हवेत. आणि पादत्राणं विसरू नका, विद्यार्थी फिल्ममध्ये चोरी बहुतेक वेळा तिथेच पकडली जाते.