टाटारू जागेवर नव्हती : फायनल फँटसी चौदाच्या सुरुवातीचा माझा अनुभव

धाकटा भाऊ बंगळुरूला असतो आणि चार वर्षं फायनल फँटसी चौदा हा ऑनलाइन गेम खेळतोय. नोव्हेंबर २०२३ मध्ये मीही सुरू करतेय म्हटल्यावर तो लगेच म्हणाला, "ताई, सुरुवातीचे सीन बघत बसू नकोस. पुढे दाबत जा. पन्नास लेव्हलनंतर खरी गोष्ट सुरू होते." नंतर आणखी दोघातिघांनी मला हेच सांगितलं. मी कोणाचंच ऐकलं नाही. पहिली गोष्ट, म्हणजे २.० ची कथा, एकही सीन न गाळता पूर्ण केली. मला अडीच महिने लागले. नव्याने सुरू करणाऱ्या कोणालाही मी तेच करायला सांगेन, आणि त्यामागे एक कारण आहे. पण ते शेवटी येतं.

आधी कामाचं बोलते. विकत घ्यायची घाई करू नका. मोफत ट्रायल आहे आणि तिला दिवसांची मर्यादा नाही. मी सुरू केलं त्याच्या महिनाभर आधीच ती सत्तर लेव्हलपर्यंत वाढवली होती, म्हणजे मूळ गेम आणि पुढचे दोन भाग पूर्ण फुकट. त्यात बंधनं आहेत. मी खेळले तेव्हा ट्रायलवाल्याला स्वतः पार्टी जमवता येत नव्हती, बाजारात खरेदी-विक्री करता येत नव्हती आणि खिशात तीन लाख गिलच्या वर पैसे राहत नव्हते. कथा खेळताना यातलं काहीच आड आलं नाही. मात्र एकदा पूर्ण गेम विकत घेतला की त्या खात्यावर ट्रायल परत मिळत नाही, हे लक्षात ठेवा. भारतात सर्व्हर नाही. मी युरोपचं डेटा सेंटर घेतलं. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, दीडशे मिलिसेकंदांच्या वरच असायचा, तरी कथेपुरतं कधी अडलं नाही.

मी ऐरोलीला नोकरी करते, राहते ठाण्यात, खारकर आळीत. दुपारची शिफ्ट. रात्री ट्रान्स हार्बरने परत येऊन जेवण उरकेपर्यंत साडेदहा होतात. तेव्हापासून बारापर्यंतचा वेळ माझा.

गेममध्ये तुम्ही कोणता वर्ग घेता त्यावर तुमचं पहिलं शहर ठरतं. लिम्सा लोमिन्सा समुद्रावर, उल्दाह वाळवंटात, ग्रिडानिया जंगलात. मी कॉन्जरर घेतला, म्हणजे जखमा भरणारा, म्हणून मला ग्रिडानिया मिळालं. आधी अंधारात तरंगणारा एक स्फटिक बोलतो : ऐक, अनुभव, विचार कर. मग डोळे उघडतात ते एका हलणाऱ्या गाडीत. चोकोबो नावाचे मोठे पक्षी ती ओढतात. सोबत एक बडबड्या फेरीवाला, आणि समोर दोन जुळी मुलं, अवाक्षर न बोलणारी. ती कोण आहेत हे कोणी सांगत नाही. त्यांचे चेहरे तेवढे लक्षात ठेवा.

शहरात शिरल्यावर मदर मिऊन नावाची बाई तुमचं नाव वहीत लिहून घेते आणि बिनमहत्त्वाची कामं सुरू होतात. इथे जा, त्याला भेट, हे पोचव, वेशीबाहेरचे चार किडे मार. लोकांचा कंटाळा इथूनच सुरू होतो. मला मात्र ते ओळखीचं वाटलं. अनोळखी गावात भाड्याने राहायला गेलं की पहिले काही आठवडे असेच जातात. दूधवाला, किराणावाला, वॉचमन यांच्याशी ओळख होईपर्यंत आपण कोणीच नसतो. ग्रिडानियात लोक बाहेरच्यांकडे संशयानेच बघतात, आणि हळूहळू त्यांचं बोलणं बदलत जातं. पुढे दाबत गेलात तर ते बदलणं दिसत नाही.

भाषेबद्दल एक सूचना. गेम इंग्रजी, जपानी, फ्रेंच आणि जर्मनमध्ये आहे, आणि यातली इंग्रजी मुद्दाम जुन्या वळणाची ठेवली आहे. 'परहॅप्स'च्या जागी 'मेहॅप', 'इट इज'च्या जागी 'टिस'. आपण बखर वाचतो तसं वाचावं लागतं. पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक संवाद दोनदा वाचत होते. नंतर कान बसला.

पंधराव्या लेव्हलला कथेत पहिला मोठा क्षण येतो. ग्रिडानियाची प्रमुख कान-ए-सेना तुम्हाला दूत म्हणून बाकीच्या दोन शहरांत पाठवते, हातात पत्र देऊन. पाच वर्षांपूर्वी डालामुड नावाचा लाल चंद्र कोसळला, त्यातून बहामुट बाहेर पडला आणि सगळा मुलूख जळाला. त्या मृतांच्या स्मृतिदिनाची ती पत्रं असतात. तेव्हा लढलेल्या योद्ध्यांची आठवण निघाली की एक चमत्कारिक गोष्ट होते. कोणालाही त्यांची नावं सांगता येत नाहीत. चेहरे आठवू गेलं तर फक्त उजेड दिसतो, उन्हाला पाठ करून उभ्या असलेल्या माणसांसारखा.

हे मला गूढ वाटलं म्हणून मी भावाला फोन केला, आणि त्याने जे सांगितलं त्याने मी गप्पच झाले. हा गेम आधी सप्टेंबर २०१० मध्ये आला होता आणि सपशेल पडला होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नाओकी योशिदा यांच्या हाती तो सोपवला गेला. जुना गेम चालू ठेवून त्यांच्या चमूने नवा बांधायला घेतला. ११ नोव्हेंबर २०१२ ला जुने सर्व्हर बंद झाले आणि कथेत तो चंद्र पडला. २७ ऑगस्ट २०१३ ला नवा गेम आला. उजेडात हरवलेले ते योद्धे म्हणजे जुन्या, पडलेल्या गेममध्ये शेवटपर्यंत टिकून राहिलेले खरे खेळाडू. अपयश लपवून न ठेवता त्याचंच पुराण करून नव्या जगाच्या पायात घातलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

आणि ती गाडीतली जुळी मुलं? स्मृतिदिनाच्या भाषणात ती गर्दीत उभी असतात. त्या लढाईत स्वतःला संपवून लोकांना वाचवणाऱ्या लुईस्वाची ती नातवंडं, अल्फिनो आणि अलिझे. भाषण ऐकून बहीण चिडून निघून जाते आणि भाऊ थांबतो.

याच सुमारास पहिली डंजन, म्हणजे गटाने मिळून लढत पार करायची जागा, लागते : सास्ताशा नावाची समुद्रगुहा. चार जणांचा गट असतो आणि त्यात जखमा भरणारा एकच, म्हणजे मी. माझे हात गार पडले होते. गेमने दिलेल्या पात्रांबरोबर डंजन करायची सोय आहे, ड्युटी सपोर्ट म्हणतात तिला. आधी दोनदा तिच्यातच सराव केला, तुम्हीही करा. मग खऱ्या माणसांबरोबर गेले आणि पहिल्याच ओळीत लिहिलं की माझी ही पहिली वेळ आहे. रक्ताने माखलेल्या चिठ्ठीत एका रंगाचं नाव असतं आणि त्याच रंगाच्या पोवळ्याला हात लावायचा असतो. बाकी तिघांना ते तोंडपाठ असणार, तरी ते बाजूला उभे राहिले आणि मला चिठ्ठी वाचू दिली. शेवटच्या लढाईत जमिनीतल्या जाळ्यांतून बुडबुडे येतात. ते वेळेत बंद केले नाहीत तर आणखी शत्रू वर येतात. मी बुडबुड्यांमागे धावले आणि ढालवाला जवळजवळ मेला. कोणी काही बोललं नाही. शेवटी एकाने लिहिलं, "टेक युअर टाइम, यू डिड वेल." रात्री पावणेबारा वाजता ते वाक्य वाचून मी बराच वेळ तशीच बसले होते.

दुसऱ्या डंजनमध्ये आमची वीज गेली आणि मी मधूनच नाहीशी झाले. त्या अनोळखी तिघांची मला आजही खंत आहे. तेव्हापासून राउटरला छोटा यूपीएस जोडला आहे.

पुढचा भाग वेकिंग सँड्सचा, आणि मला जे सांगायचंय ते इथेच आहे. मिनफिलिया नावाची बाई तुम्हाला आपल्या गटात घेते. त्यांचं ठिकाण व्हेस्पर बे या गावात, एका दारामागे जिना उतरून तळघरात. त्या गावाला टेलिपोर्टचा मोठा स्फटिक नाही. हॉरायझन या वस्तीला उतरायचं आणि तिथून वाळवंटातली वाट तुडवायची. प्रत्येक कामानंतर मिनफिलिया म्हणते, परत ये, बोलू. पुन्हा हॉरायझन, पुन्हा वाट, पुन्हा दार. आत शिरल्यावर बुटकी, गुलाबी पोशाखातली टाटारू मेजापाशी असते. तिला ओलांडून जिना, मग मिनफिलियाची खोली. या येरझारांना लोक खूप नावं ठेवतात. २०२० च्या ऑगस्टमध्ये सुरुवातीची बरीच कामं कमी केली, तरी वाट राहिलीच.

टायटन या बलाढ्य शत्रूशी लढण्याआधीचा भाग मात्र खरोखर लांबला आहे, हे मी मान्य करते. दोन लेव्हलांचं अंतर भरायला मेजवानीचं सामान जमवायचं : वाइन, मांस, आणि चीजसाठी तर ब्रेफ्लॉक्स या गॉब्लिन बाईच्या छावणीची अख्खी डंजन. तिथे मी दोन दिवस गेम उघडलाच नाही. जानेवारी २०२४ मध्ये आमच्या मार्गावर दिघा गाव स्टेशन सुरू झालं, त्याच आठवड्यात माझा टायटन पडला.

टायटनला हरवून तुम्ही आनंदाने परत निघता. हॉरायझन, वाट, दार. मी सवयीने चालत होते, बोटांना पाठ झालं होतं. आई माझ्या मागे डाळिंब्या सोलत बसली होती, पाण्याच्या पातेल्यावर साली तरंगत होत्या. मी दार उघडलं आणि टाटारू जागेवर नव्हती.

खाली जिन्यापाशी माणसं पडलेली. कालपर्यंत ज्यांच्या शेजारून मी न बघता जात होते तीच माणसं. शत्रू साम्राज्याचं, म्हणजे गार्लियन सैन्य येऊन गेलं होतं. मिनफिलियाला आणि बाकीच्यांना पकडून नेलं होतं, उरलेल्यांना मारलं होतं. आत नोरॅक्झिया होती, पाल्याच्या अंगाची छोटी वनवासी. आपल्या जंगलातून ती आमच्यात राहायला आली होती. तिचे लोक माणसांना 'चालणारे' म्हणतात. तिच्यात जेमतेम धुगधुगी होती. मिनफिलियाचा निरोप माझ्यापर्यंत पोचवण्यापुरता तिने श्वास राखला होता. तो पोचवला आणि ती गेली.

आईचे हात थांबले होते. "कोण गेलं गं?" तिने विचारलं.

मी सांगू लागले. नोरॅक्झिया कोण, टाटारू कोण, त्या तळघरात काय चालायचं. सांगता सांगता कळलं की मला सगळ्यांबद्दल सांगण्यासारखं काहीतरी आहे. कोण कुठे उभं असायचं, कोण काय बोलायचं. सीन दाबत आले असते तर आईला मी काय उत्तर दिलं असतं? त्या पंधरा-वीस फेऱ्यांशिवाय ते रिकामं मेज फक्त मेजच राहिलं असतं.

लढाई लगेच येत नाही, हेही मला फार आवडलं. आधी मृतांना कॅम्प ड्रायबोनजवळच्या चर्चच्या दफनभूमीत पोचवायचं असतं. मग तिथेच राहून पाद्र्याची बारीकसारीक कामं करायची. पहिल्या दिवसासारखीच कामं, पण आता जीव त्यात नसतो. तिथे मार्केस नावाचा एक माणूस थडग्यांची देखभाल करतो. त्याला स्वतःचं काही आठवत नाही. तो आधीही एकदा भेटलेला असतो, तेव्हा मी त्याच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. मग अल्फिनो येतो आणि त्याला ओळखतो. तो सिड, विमानं बांधणारा कारागीर.

पुढे गारुडाशी लढाई, पुढे साम्राज्याचे किल्ले, आणि पन्नासाव्या लेव्हलला प्रीटोरियम. ते सगळं भव्य आहे आणि त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

त्या रात्री मी सिडच्या ओळखीपाशी गेम बंद केला. दुसऱ्या दिवशी ऐरोलीहून परत आले, जेवले, कॉम्प्युटर लावला. आई स्वयंपाकघर आवरून आली आणि प्लास्टिकचं स्टूल ओढून माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "त्या थडग्यांवरच्या माणसाला काही आठवलं का?"

"अजून नाही," मी म्हटलं.

"मग लाव की."