मेल गेला, पण पोचला नाही

वरुड तालुक्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं कॉम्प्युटरचं सगळं काम मी बघते. आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की संत्र्याचं दरपत्रक मेलने जातं. गेल्या नोव्हेंबरात पुण्याच्या एका खरेदीदाराला तीनदा दर पाठवले. सेंटमध्ये तिन्ही मेल दिसत होते, एकही परत आला नव्हता. चौथ्या दिवशी त्यांचाच फोन: "ताई, माल द्यायचा नसेल तर तसं सांगा ना." इकडे बागेतून काका विचारत होते, "गाडी कवा येते वो पोरी? फळ गळून राह्यलं."

मला फार लागलं ते.

रात्री माझ्याच जीमेलवर एक मेल टाकला. तो स्पॅममध्ये निघाला. तीन टिंबांवर जाऊन 'शो ओरिजिनल' उघडलं, तर एसपीएफपुढे 'परमएरर'. एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी, आणि परमएरर म्हणजे ती यादीच चुकीची लिहिलेली. डीकेआयएमची सही, म्हणजे मेल कुणाकडून आला त्याची डिजिटल खूण, तीही आमच्या डोमेनची (इंटरनेटवरच्या आमच्या नावाची) नव्हती, मेल सेवावाल्यांची होती.

डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदी असतात तिथे, एसपीएफच्या दोन ओळी सापडल्या. एक जुनी, वेबसाइटच्या होस्टिंगची. दुसरी दसऱ्याला मेल सेवा बदलली तेव्हाची. एका डोमेनला एसपीएफची एकच ओळ चालते. दोन असल्या की समोरचा सर्व्हर दोन्ही बाद धरतो. दोन्हींतले 'इन्क्लूड', म्हणजे परवानगी दिलेल्या सेवांची नावं, एकाच ओळीत घेतले, जुनी काढली, आमच्या डोमेनचं डीकेआयएम सुरू केलं. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहू याबाबत कडक झालेत, थोडेच मेल पाठवणाऱ्यांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम, यातलं एक तरी लागतंच.

मग मेल परत का आला नाही? समोरच्या सर्व्हरने 250 हा आकडा दिला की मेल त्याने घेतला, एवढंच. पुढे इनबॉक्समध्ये टाकायचा, स्पॅममध्ये की अडवून ठेवायचा, हे त्याचं तो ठरवतो आणि आपल्याला कळवत नाही. बाजार समितीच्या गेटवर गाडीची नोंद झाली म्हणजे लिलाव झाला असं थोडंच असतं!

दुसऱ्या दिवशी पुण्याला फोन करून त्यांच्या कॉम्प्युटरवाल्या दादांना शोधायला लावलं. तिन्ही मेल त्यांच्याकडे अडवलेल्या यादीत पडून होते. आता नवीन खरेदीदाराला पहिला मेल टाकला की मी लगेच फोन करून विचारते.

गाडी शुक्रवारी आली. तोवर काकांच्या झाडांखाली चार कॅरेट फळ गळलेलं होतं. मी स्वतः वेचून मोजलं.