तुम्ही विचारलंत म्हणून: गेमची डिस्क घ्यायची की डिजिटल?

हा प्रश्न मला महिन्यातून दोनतीनदा तरी येतोच. ऑफिसमधलं कोणीतरी दिवाळीच्या बोनसमधून पीएस फाईव्ह (सोनीचं टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन, म्हणजे कन्सोल) घ्यायला निघालेलं असतं, नाहीतर सोसायटीतल्या एखाद्या मुलाची आई लिफ्टमध्ये विचारते की अहो ते डिस्कवालं मशीन घेऊ का बिनडिस्कवालं, किमतीत एवढा फरक कशाला ठेवलाय, आणि भाचा तर दर सेल लागला की मेसेज करतो, मावशी डाउनलोड करू की बॉक्स मागवू. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत जेवढं सांगता येतं तेवढं सांगते आणि मग घरी आल्यावर चुटपुट लागते की मुद्दाच राहिला. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी उत्तर. कन्सोल घेत असाल आणि थोडे जास्तीचे पैसे निघत असतील तर ड्राइव्हवालाच, म्हणजे डिस्क आत घालता येणाराच घ्या. गोष्ट असलेला गेम, जो एकदा संपवून कपाटात जाणार किंवा जो जिवापाड आवडणार, तो डिस्कवर. रोज रात्री जेवणं झाली की मित्रांबरोबर अर्धा तास खेळायचा तो खुशाल डिजिटल, म्हणजे ऑनलाइन विकत घेऊन डाउनलोड केलेला, त्यासाठी कोण उठून डिस्क बदलणार. छोटे इंडी गेम, म्हणजे दोनचार जणांच्या टीमने स्वतःच्या बळावर केलेले, बहुतेक डिजिटलच येतात. आणि पीसीवर असाल तर हा प्रश्न कधीच मिटलाय, स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात नोव्हेंबर २०१५ पासून किमती रुपयांत दिसायला लागल्या आणि आता बहुतेक नव्या पीसींना डीव्हीडी ड्राइव्हसुद्धा नसतो.

आता एक गैरसमज, जो जवळपास प्रत्येकाचा असतो. डिस्क घेतली की स्टोरेज वाचेल ना? नाही वाचत. पीएस फाईव्हवर डिस्क घातली तरी अख्खा गेम मशीनच्या आतल्या स्टोरेजवर (एसएसडीवर) कॉपी होतो आणि तिथूनच चालतो, डिस्क नुसती किल्लीसारखी आत बसून असते. पहिल्या मॉडेलला ८२५ जीबी लिहिलेलं होतं, वापरायला मिळतात साधारण ६६७, आणि एकेक गेम शंभरच्या घरात, म्हणजे सहासात मोठे गेम की झालं. निन्टेन्डो कंपनीच्या स्विच या कन्सोलचं मात्र वेगळं, तिथे डिस्कऐवजी छोटं कार्ड असतं आणि गेम त्या कार्डावरूनच चालतो. (त्या कार्डाला मुद्दाम कडू लेप दिलेला असतो, लहान मुलांनी तोंडात घालू नये म्हणून. घरात रांगतं बाळ असेल तर हे माहीत असलेलं बरं.)

पैशाचं गणित सरळ आहे. भारतात पीएस फाईव्ह २ फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा ड्राइव्हवाला ४९,९९० ला आणि बिनड्राइव्हचा ३९,९९० ला होता. दहा हजार वाचले म्हणून लोक खूश झाले, पण सोनीचा मोठा गेम होता ४,९९९ चा, आणि डिस्क असली की तो संपवून तीनेक हजाराला विकता येतो, निदान मी तरी तशाच विकत आलेय. चारपाच गेममध्ये ते दहा हजार वळते होतात. डिजिटल गेम संपला की संपला, त्याचा रुपयाही परत येत नाही. नंतर आलेल्या पीएस फाईव्हच्या स्लिम मॉडेलला ड्राइव्ह नंतर जोडता येतो हे खरं, फक्त जोडताना पहिल्या वेळी इंटरनेट लागतं.

पण मी डिस्कच्या बाजूने बोलते ते पैशामुळे नाही. ते चिपळूणमुळे.

माझं माहेर चिपळूणचं. माझा चुलत दादा नोकरीसाठी जर्मनीला गेला तेव्हा त्याने त्याचा कन्सोल आणि एक बुटांचा खोका माझ्या हवाली केला, खोक्यात ३१ डिस्का. तो म्हणाला, हे तुझं आता. त्याने ऑनलाइन घेतलेले दहाबारा गेमही त्याच कन्सोलवर होते, तेही मी खेळायचे. मग २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आलं. ज्यांनी तो पूर बघितलाय त्यांना सांगायला नको, बाजारपेठेत माणूस बुडेल एवढं पाणी होतं, आणि आमचं घर तळमजल्याचं. माणसं वर गच्चीत सुखरूप होती, बाकी सगळं चिखलात. मी चौथ्या दिवशी पोचले. आई कपड्यांचा चिखल काढत होती आणि तो खोका लगदा होऊन पलंगाखाली बसला होता.

कन्सोल गेला, त्यात काही राम उरला नव्हता. पण डिस्का मी टाकल्या नाहीत. बादलीभर पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घातले, एकेक डिस्क बुडवून हलवून गाळ निघू दिला, मग मऊ सुती फडक्याने मधल्या भोकापासून बाहेरच्या कडेकडे सरळ पुसली, गोल गोल फिरवून नाही, कारण गोल चरा पडला तर लेझर एकाच जागी अडकत राहतो. आणि सगळ्या आईच्या जुन्या साडीवर पापड वाळत घालावेत तशा पसरल्या, सावलीत. शेजारच्या काकू बघून म्हणाल्या, अगं घरात तांदूळ भिजलेत आणि तू हे काय करतेयस. त्यांचं बरोबर होतं. पण तांदूळ संध्याकाळपर्यंत मदतीच्या ट्रकमधून आले असते, हे कुठून आलं नसतं.

तेव्हा एक गोष्ट डोळ्यांनी दिसली जी मी तोवर नुसती वाचलेली. दादाच्या पीसीच्या जुन्या सीड्या होत्या चार, त्यांचा चंदेरी थर वरच्या बाजूने पोपडे निघाल्यासारखा सुटला, कारण सीडीत माहिती असते ती लेबलच्या लगेच खाली, खालच्या जाड प्लास्टिकमध्ये नव्हे. डीव्हीडीत तो थर दोन प्लास्टिकच्या मध्ये असतो, त्या वाचल्या. ब्लू-रेमध्ये तो खालच्या पृष्ठभागाच्या अगदी जवळ असतो पण त्यावर कडक लेप दिलेला असतो, त्याही वाचल्या. पुढे दिवाळीनंतर मी तसाच सेकंडहँड कन्सोल मिळवला आणि एकेक लावून बघितली. ३१ पैकी २७ चालल्या. बॉक्स गेले, कव्हरं गेली, २७ गेम राहिले.

दादाच्या अकाउंटवरचे दहाबारा गेम मात्र मिळाले नाहीत. ते अकाउंट त्याच्या कॉलेजच्या ईमेलवर होतं, तो ईमेल बंद होऊन जमाना झाला, पासवर्ड आठवेना. सपोर्टवाल्यांनी जुन्या मशीनचा सीरियल नंबर मागितला, जो भंगारात गेला होता, आणि पहिल्या खरेदीचा तपशील मागितला, जो त्याला आठवणं शक्यच नव्हतं. त्यांच्या जागी त्यांचं बरोबरच असेल, कोणीही उठून कोणाचंही अकाउंट मागितलं तर द्यायचं कसं. पण तो माणूस जिवंत, पैसे त्याने भरलेले, आणि गेम नाहीत.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. माझे स्वतःचे डिजिटल गेम, माझ्या अकाउंटवरचे, त्याच नव्या मशीनवर एका रात्रीत परत उतरले. मला फडकं घेऊन बसावं लागलं नाही. पूर येऊ दे, आग लागू दे, घर बदलू दे, अकाउंट हातात असलं की गेम येतात. त्यामुळे डिजिटल म्हणजे बेभरवशाचं असं मी म्हणत नाही. भरवसा कोणावर ठेवायचा एवढाच फरक आहे. डिस्कच्या बाबतीत तो स्वतःवर, डिजिटलच्या बाबतीत ईमेल, पासवर्ड, सर्व्हर आणि कंपनीच्या मर्जीवर. तर ज्यांचे बरेच गेम डिजिटल आहेत त्यांनी आजच बघा की अकाउंट कुठल्या ईमेलवर आहे, शाळा-कॉलेजच्या किंवा जुन्या कंपनीच्या ईमेलवर असेल तर बदला, रिकव्हरी कोड कागदावर लिहून घरच्या फायलीत ठेवा, जिथे लाइट बिल ठेवता तिथे.

आणि डिजिटलमध्ये आपण नक्की काय घेतो हे माहीत असू द्या. आपल्याकडे भाड्याच्या घराला लीव्ह अँड लायसन्स म्हणतात ना, तसं आहे ते, फक्त अकरा महिने असं कुठे छापलेलं नसतं. आपण गेम घेत नाही, खेळायची परवानगी घेतो. कॅलिफोर्नियाने याच्यावर कायदाच केला, १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल दुकानाला ही परवानगी आहे, मालकी नाही, असं सांगितल्याशिवाय सरळ खरेदी असा शब्द वापरता येत नाही. दुकानं बंद होतात हेही खरं. निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू या जुन्या मशीनचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला बंद केलं, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० चं २९ जुलै २०२४ ला बंद झालं. घेतलेलं अजून उतरवता येतं, नवीन घेता येत नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तिकडे २०१० च्या आधी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा दुकानात नवे विकत मिळत नव्हते. मला हे वाचून पोटात कालवलं होतं. आपलंच उदाहरण घ्या, २००९ मध्ये पीएस टू आणि पीएसपी या सोनीच्या जुन्या मशीनसाठी देसी अड्डा नावाचा गेम आला होता, विटीदांडू, पतंग, कबड्डी, आपले खेळ. आजच्या कन्सोलच्या दुकानात शोधा, नाही मिळणार. कोणाच्या तरी माळ्यावर डिस्क असेल तेवढाच तो उरलाय.

डिस्कवाल्यांनीही निवांत बसू नये. हल्ली बॉक्समध्ये डिस्क असली तरी डिस्कवर गेम असेलच असं नाही. कॉल ऑफ ड्यूटी या लढाईच्या गेमच्या २०२२ च्या पीएस फाईव्ह डिस्कवर जेमतेम ७० एमबीच्या आसपास होतं, बाकी सगळं डाउनलोड. स्विचच्या पुढच्या मॉडेलच्या, स्विच टूच्या, बऱ्याच बॉक्समध्ये आता गेम-की कार्ड येतं, त्यात गेम नसतोच, फक्त डाउनलोडची चावी, मात्र ते विकता येतं, उसनं देता येतं. आणि युबिसॉफ्ट कंपनीचा द क्रू हा गाड्यांचा गेम, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि डिस्क हातात असलेल्यांचाही गेम गेला, कारण तो सर्व्हरशिवाय सुरूच होत नव्हता. त्यातूनच स्टॉप किलिंग गेम्स, म्हणजे विकलेले गेम असे बंद पाडू नका, ही चळवळ उभी राहिली आणि युरोपात दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. म्हणून घेण्याआधी बॉक्स उलटा करून बारीक अक्षरं वाचाच, इंटरनेट आवश्यक, डाउनलोड आवश्यक असं लिहिलेलं असेल तर डिस्कसाठी जास्तीचे पैसे देऊ नका. सेकंडहँड घेताना ट्यूबलाइटखाली तिरकी धरून बघा, बारीक केसासारखे चरे चालतात, गोल चरा आणि मधल्या कड्याजवळची भेग नाही चालत. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात बुरशी धरते, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका.

आता माझा खरा मुद्दा. २०१३ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन या तेव्हाच्या नव्या कन्सोलचे नियम जाहीर केले होते, चोवीस तासांत एकदा इंटरनेटला जोडलंच पाहिजे, डिस्क दुसऱ्याला देण्यावर आणि विकण्यावर बंधनं. सोनीने तेव्हा अगदी छोटा व्हिडिओ टाकला, आमच्याकडे गेम शेअर कसा करायचा. त्यात एक माणूस दुसऱ्याच्या हातात बॉक्स देतो. बास. एवढाच व्हिडिओ. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने नियम मागे घेतले. मला तो व्हिडिओ आजही आठवतो कारण आम्ही गेम खेळायला शिकलो तेच तसं, मारिओची नाहीतर काँट्राची कॅसेट आठ दिवस तुझ्याकडे आठ दिवस माझ्याकडे. दादाने मला खोका दिला तेव्हा त्याला कुठला फॉर्म भरावा लागला नाही, मला कुठला पासवर्ड लागला नाही. माझ्या स्टीमवरच्या दीडशे गेमचं मी असं काही करू शकत नाही, नियमाप्रमाणे ते अकाउंट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही.

म्हणून मी भाच्याला उलटा प्रश्न विचारते, हा गेम संपल्यावर कोणाला द्यावासा वाटेल का तुला? लगेच नाव आलं तर डिस्क मागवायची. नाही आलं तर सेल लागेपर्यंत थांब आणि डिजिटल घे.

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे, कोण कुठली डिस्क घेऊन गेलं ते लिहायला, तारखेसकट. पुराच्या २७ पैकी दोन सध्या बाहेर आहेत, एक सांगलीला मैत्रिणीच्या मुलाकडे आणि एक आमच्याच चौथ्या मजल्यावर. चौथ्या मजल्यावरची रविवारी परत येतेय. नंबर लावायचा असेल तर आत्ताच सांगा, वहीत नाव टाकून ठेवते.