निसर्गरम्य रस्त्याचे रक्षण

कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने १९६३ मध्ये निसर्गरम्य महामार्गांसाठी राज्यस्तरीय योजना सुरू केली. तिची रचना मला आजही अनुकरणीय वाटते. रस्ता पात्र मार्गांच्या यादीत आला म्हणून त्याला अधिकृत दर्जा मिळत नाही. स्थानिक प्रशासनाला आधी रस्त्यालगतच्या पट्ट्यातील जमिनीचा वापर, बांधकामांची ठेवण, जाहिरातफलक आणि खोदकाम यांवर नियंत्रण ठेवणारा आराखडा स्वीकारावा लागतो. अधिकृत दर्जा दाखवणारी, पॉपीच्या फुलाचे चित्र असलेली पाटी रस्त्यावर लावली जाते ती त्यानंतरच. ही अट मला फार मोलाची वाटते, कारण प्रवाशाच्या नजरेत भरणारे दृश्य बहुधा रस्त्याच्या हद्दीपलीकडे, कुणाच्या तरी कुरणात किंवा टेकडीवर असते आणि वळणावरचा एकच अवाढव्य फलक ते झाकून टाकतो. संरक्षण ढिले पडल्यास दर्जा काढूनही घेता येतो.